हिंडणारा हवा आणि हातातही घेता यायला हवा: सहकारनगरच्या एका घरातली सापाची निवड

प्रकरण एका चोवीस वर्षांच्या मुलीचं. घर सहकारनगरमध्ये, तळजाईच्या उताराला लागून, दुसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात आई-बाबा, आजी आणि ही. नोकरी खराडीत, अमेरिकेच्या वेळेनुसार. संध्याकाळी साडेसहाला कॅब येते आणि पहाटे साडेचारच्या सुमारास दारात सोडते. तिला साप पाळायचा होता.

मी पशुवैद्य. कुत्र्या-मांजरांबरोबर माझ्याकडे इग्वाना, कासवं, पोपट आणि अधूनमधून सापही येतात. सापवाले लोक बहुतेक वेळा साप घेऊन झाल्यावर येतात. खात नाही, तोंडाला फेस येतोय, कात अर्धीच निघाली, अशा तक्रारी असतात. ही घेण्याआधी आली आणि बाबांना बरोबर घेऊन आली. म्हणून घरच्यांच्या परवानगीने हे सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

तिचं म्हणणं सरळ होतं. "डॉक्टर, नुसता वेटोळं घालून पडून राहणारा नको. हिंडणारा हवा. आणि हातात घेता आला पाहिजे." बाबांनी लगेच जोड दिली, "विषारी नको आणि बेकायदा नको." बाबांचं सगळं आयुष्य एका बँकेच्या कर्ज विभागात गेलेलं, हे पुढे फार उपयोगी पडलं. आजींची अट नंतर आली.

अडचण कुठे होती

हिंडणारा आणि हातात राहणारा, या दोन मागण्या ऐकायला सोप्या वाटतात, पण एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. साप पोट कसं भरतो यावर त्याचा स्वभाव बराचसा ठरतो. बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) किंवा बोआसारखे साप दबा धरून बसतात, भक्ष्य जवळ येईपर्यंत तासन्‌तास हलत नाहीत. असा साप हातात दिला की मनगटाभोवती गुंडाळून शांत बसतो. लोकांना तो 'प्रेमळ' वाटतो. खरं तर तो जे बिळात करतो तेच तुमच्या हातावर करत असतो. उलट आपली धामण दिवसाउजेडी फिरते, डोळ्यांनी हेरते, पाठलाग करून उंदीर-बेडूक पकडते. बघायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण जो साप असा जगतो त्याला पकडलं की त्याला एकच कळतं, सुटायचं. मग चावणं, शेपूट आपटणं, अंगावर घाण सोडणं, सगळं ओघाने आलंच.

म्हणजे मुलीला हवा होता तो साप या दोन टोकांच्या मधे कुठेतरी होता. फिरून शोधत खाणारा, पण पळपुटा नाही. आणखी एक प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नव्हता. हिंडणारा, पण कधी हिंडणारा? ती सकाळी सहा-साडेसहाला झोपते आणि दुपारी उठते. दिवसा फिरणारा साप तिच्या झोपेतच दिवस घालवणार. तिच्या हातात खरा वेळ होता तो पहाटे साडेचार ते सहा, आणि शनिवार-रविवारच्या संध्याकाळी. निवडीत हा मुद्दा शेवटी सगळ्यात जड ठरला.

त्यांना मी आधी कात्रजला पाठवलं. तिथलं सर्पोद्यान १९८६ मध्ये सुरू झालं, पुढे त्याच्याच शेजारी राजीव गांधी प्राणिसंग्रहालय झालं. बुधवारी बंद असतं, बाकी कधीही जा. सांगितलं एवढंच की सगळे साप बघत फिरू नका, एकाच काचेसमोर तासभर उभे राहा. परत आल्यावर बाबा म्हणाले, "अहो, अजगराने तासाभरात फक्त मान फिरवली." मुलगी धामणीसमोर उभी राहिली होती. तिचे डोळे अजून तिथेच होते.

धामण

याला कारणही होतं. तिच्या ओळखीचा एक मुलगा स्वतःला सर्पमित्र म्हणवतो. तो तिला म्हणाला होता, "धामणीचं पिल्लू देतो, दोन महिन्यांत सरावतं." बाबांना त्यात फार वावगं वाटलं नव्हतं. बिनविषारी आहे, शेतात असते, सोसायटीच्या मागेही दिसते, मग घरात का नको?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला, २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. आपल्याकडचा जंगली साप पकडून घरात ठेवायला तो परवानगी देत नाही. अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या बाबतीत शिक्षा किमान तीन वर्षं आणि सात वर्षांपर्यंत. सर्पमित्राचं काम पकडलेला साप वनखात्याला कळवून जवळच्या योग्य अधिवासात सोडण्याचं. पिल्लं वाटण्याचं नाही. जो माणूस पिल्लू 'देतो' तो सर्पमित्र नाही, एवढं मी स्पष्ट बोललो.

पण कायदा बाजूला ठेवला तरी धामण घरात ठेवायचा प्राणी नाही. दोन मीटरच्या वर जाणारा, दिवसभर पल्ले मारणारा साप काचेच्या खोक्यात घातला की तो काचेवर तोंड घासत राहतो. नाकाच्या टोकावरचा खवला सोलवटतो, मग खालचं मांस दिसू लागतं, मग तोंडात संसर्ग. अशा धामणी वनखात्यामार्फत माझ्याकडे आल्या आहेत. त्यातल्या एकीचा फोटो मी मुलीला दाखवला. तिने तो बराच वेळ मोठा करून पाहिला आणि धामणीचा विषय परत काढला नाही.

विक्रेत्याचा व्हिडिओ

दुसरा पर्याय तिने आधीच शोधून ठेवलेला. इंस्टाग्रामवरच्या एका विक्रेत्याने बॉल पायथनचा व्हिडिओ पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "सुपर ॲक्टिव्ह". आम्ही तिघांनी तो टेबलावर फोन ठेवून पाहिला. साप समोरच्या काचेला नाक लावून डावीकडून उजवीकडे जातो, कोपऱ्यात उभा चढायचा प्रयत्न करतो, घसरतो, पुन्हा डावीकडे येतो. मिनिटभर हेच. खोक्यात लपायला काहीही नव्हतं. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके दिसत होते.

"ते काय आहेत?" मुलीने विचारलं.

गोचिडीच्या जातकुळीतले सापाचे माइट. बुडून मेलेले. अंगावर जिवंत किती असतील ते वेगळंच.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. साप हलतोय म्हणजे तो आनंदात हिंडतोय असं नसतं. बॉल पायथन स्वभावतः दिवसा लपणारा प्राणी. तो भर उजेडात काचेवर सतत फेऱ्या मारत असेल तर खोकं फार तापलंय, लपायला जागा नाही, अंगावर माइट आहेत, भूक आहे किंवा नर असून विणीचा काळ आहे, यातलं काहीतरी असतं. खरा फिरणारा साप थांबत-थांबत जातो. जीभ लांब काढून हळू हलवतो, एखाद्या फांदीखाली डोकं घालतो, मागे येतो, दुसरीकडे वळतो. वाट बदलत राहतो. बिथरलेला साप तीच तीच वाट घासतो. व्हिडिओ आवाज बंद करून दोनदा पाहिला तर हा फरक कुणालाही कळेल.

कागदांची बाजू त्याहून वाईट. सगळे पायथन आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या साइटीसच्या याद्यांमध्ये आहेत, त्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीनंतर बॉल पायथन आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो. २०२४ च्या फेब्रुवारीत नियम आले. असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची. आधीपासून असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, नव्याने घेणाऱ्याने तीस दिवसांत करायची. प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, पिल्लं झाली, सगळं कळवायचं. विक्रेता म्हणाला होता, "कागद नंतर करून देतो." बाबांनी चष्मा काढला. "गहाणखत नंतर करून देतो म्हणणारे मी तीस वर्षं पाहिले," ते म्हणाले. तो विषय तिथेच संपला.

उरलेले चार

मग कागदावर चार नावं राहिली: हॉगनोज, गार्टर, किंगस्नेक आणि कॉर्न स्नेक. चौघेही उत्तर अमेरिकेतले.

हॉगनोज छोटा, जाडसर, वर वळलेल्या नाकाने वाळू उकरणारा. बघायला मजा. पण दिवसा जागा, आणि त्याच्या मागच्या दातांशी सौम्य विष असतं. सहसा काही होत नाही, तरी चावून धरून चघळलं तर हात सुजल्याची उदाहरणं आहेत. बाबांची पहिलीच अट विषारी नको. बाद.

गार्टर खरा हिंडणारा, दिवसभर चालू. शिवाय तो मासे आणि गांडुळं खातो, म्हणून घरच्यांना तो आधी फार पटला होता. पण काही माशांच्या मांसात बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. रोज तेच खायला घातलं की सापाला झटके येऊ लागतात, त्यामुळे माशांची निवड जपून करावी लागते. हातात तो वळवळतो आणि वास सोडतो. आणि हिच्या वेळेला तो झोपलेला.

किंगस्नेक मला स्वतःला आवडतो. धीट, उत्सुक, सतत काहीतरी शोधणारा. अडचण एकच, त्याला सगळं जगच खाद्य वाटतं, दुसरे सापसुद्धा. बोटाला उंदराचा वास असेल तर तो बोट धरतो आणि सोडायची घाई करत नाही. पहिल्यांदाच साप पाळणाऱ्या, आणि मुख्यतः हातात घ्यायची हौस असणाऱ्या माणसाला मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

राहिला कॉर्न स्नेक. अमेरिकेच्या आग्नेय भागातला. पूर्ण वाढ साधारण एक ते दीड मीटर, अंगठ्यापेक्षा थोडा जाड. बिनविषारी, विळखा घालून उंदीर मारणारा. चढतो, उकरतो, फटीत शिरतो. संध्याकाळी, रात्री आणि पहाटे फिरतो. हातात घेतला की एका हातावरून दुसऱ्यावर जात राहतो, पण सुटायची धडपड नसते, तपास चाललेला असतो. चांगला सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. हिच्या पहाटेशी याची पहाट जुळत होती.

हा साप साइटीसच्या यादीत नाही, म्हणून परिवेशवरची ती नोंदणी त्याला लागू होत नाही. पण याचा अर्थ कागद लागत नाहीत असा विक्रेते लावतात, तो चुकीचा. परवानगीशिवाय परदेशातून आणलेला साप हा तस्करीचा मालच. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते. म्हणून मी म्हटलं, साप कुठे अंड्यातून निघाला, त्याचे आई-बाप कुणाकडे आहेत, आधीच्या मालकाकडे पावती आहे का, हे लेखी हवं. आणि शंका असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून या. बाबा गेले. फाइल घेऊनच गेले.

विरजणाचा प्रश्न

घर शाकाहारी. आजींना साप चालणार होता. नागपंचमीला पाटावर नाग काढून पूजा करणाऱ्या पिढीतल्या त्या. पण खाणं कळल्यावर त्या ताठ बसल्या. "फ्रिजमध्ये उंदीर? अगं, त्याच फ्रिजमध्ये आपलं विरजण असतं."

त्यांचं म्हणणं धार्मिक वाटलं तरी वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर होतं. सापाचं खाद्य आणि माणसाचं अन्न एका जागी ठेवूच नये. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, आणि आजींना मधुमेह. ठरलं असं: मुलीच्या खोलीत छोटा वेगळा डीप फ्रीझर. गोठवलेला उंदीर वेगळ्या डब्यात कोमट पाण्यात ठेवून वितळवायचा. पाण्याचं भांडं बाथरूममध्ये धुवायचं, स्वयंपाकाच्या ओट्यावर नाही. साप हाताळल्यावर साबणाने हात. जिवंत उंदीर नाहीच. तो आजींना बघवणार नाही हे एक, आणि घाबरलेला उंदीर सापाला चावतो हे दुसरं.

आजींची शेवटची अट, एकादशीला आणि चतुर्थीला खायला घालायचं नाही. मुलगी ओशाळली. मला यात काहीच गैर दिसेना. मोठा कॉर्न स्नेक दहा ते चौदा दिवसांतून एकदा खातो, दोन दिवस पुढेमागे झाले तर त्याला फरक पडत नाही. कुत्र्याच्या बाबतीत हे चाललं नसतं. दुधाचं मात्र आधीच बोललो. साप दूध पीत नाही, नागपंचमीला वाटी दाखवायची ती काचेबाहेरून.

घर आधी, साप नंतर

पुण्यातले लोक सापासाठी उबेची चिंता करतात. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा ती हवीच. पण खरी परीक्षा एप्रिल-मेची. कॉर्न स्नेकला खोक्याची एक बाजू तीस अंशांच्या आसपास आणि दुसरी चोवीस-पंचवीसला लागते. बाहेर एकोणचाळीस असताना ती गार बाजू कुठून आणणार?

म्हणून चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, पुढून उघडणारं आणि कुलूप लागणारं खोकं एप्रिलमध्येच करून घेतलं आणि रिकामंच चालू ठेवलं. दोन टोकांना दोन थर्मामीटर. मुलीच्या खोलीची भिंत पश्चिमेची. दुपारी चारला गार बाजू तेहतीस दाखवू लागली. खोकं उचलून हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या बोळात आणलं, तिथे ती एकोणतीसच्या वर गेली नाही. गुरुवारी दुपारी दुरुस्तीसाठी वीज गेली तेव्हाही. भर उन्हाळ्यापुरतं तेवढं चालतं. तापणाऱ्या पॅडला थर्मोस्टॅट मात्र सक्तीचा. त्याशिवाय पॅड लावलेल्या सापांच्या भाजलेल्या पोटांवर मी उपचार केले आहेत. सापाला खालून भाजतंय हे चटकन कळत नाही, तो तिथेच पडून राहतो.

फांद्या, दोन लपण्याच्या जागा, उकरायला जाड थर. ज्या खोक्यात काही नाही तिथे कुठलाच साप हिंडत नाही, मग जात कोणतीही घ्या.

कुलूप का, तर कॉर्न स्नेकइतका निसटणारा साप विरळा. आणि सोसायटीत एक केशरी-लाल ठिपक्यांचा साप जिन्यात दिसला तर लोक काठी आधी आणतील. सेक्रेटरींना आणि वॉचमनला त्याचा फोटो आणि घरचा नंबर आधीच देऊन ठेवला.

याच्या जोडीला एक ताकीद दिली, आणि ती मी प्रत्येकाला देतो. घरचा साप हातात घ्यायची सवय लागली की बाहेरच्या सापाकडेही हात जातो. तळजाईवर घोणस आहे. तिच्या अंगावरचे साखळीसारखे ठिपके बघून लोक 'अजगराचं पिल्लू' म्हणून उचलतात आणि बोट, हात, कधी जीव घालवतात. बाहेर दिसलेला साप कुठलाही असो, लांब उभं राहायचं आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन करायचा.

हातात देऊन पाहणं

पिल्लू घेऊ नको, असा माझा आग्रह होता. 'लहानपणापासून माझ्या हातात वाढेल' ही कल्पना गोड आहे, पण कॉर्नचं पिल्लू पेन्सिलीएवढं, भित्रं, शेपूट थरथरवणारं असतं आणि मोठेपणी कसं निघेल ते सांगता येत नाही. वाढलेला साप समोर दिसतो तसाच असतो. माझ्याकडे तपासणीला येणारा तीन वर्षांचा एक नर होता. मालक परदेशी निघाला होता. साप पुण्यातच अंड्यातून निघालेला, आई-बापांच्या नोंदी, पावती, कात आणि वजनाची वही, सगळं होतं. बाबांनी ती वही पासबुकासारखी वाचली.

मुलीच्या हातात दिला. मी बघत होतो ते असं: मान इंग्रजी एससारखी मागे खेचतो का, श्वासाला आवाज येतो का, तोंडाशी बुडबुडे आहेत का, गुदद्वार स्वच्छ आहे का, पकड सगळ्या अंगाने सारखी आहे का. सापाने आधी दोन बोटांमधून डोकं काढलं, मग मनगटावरून कोपरापर्यंत गेला, कुर्त्याच्या बाहीत शिरला आणि खांद्याशी बाहेर आला. ती दचकली, पण हात झटकला नाही. दहा मिनिटांत तो एकदाही थांबला नाही आणि एकदाही धडपडला नाही.

"हा थांबतच नाही की हो," बाबा म्हणाले.

"मग थांबणारा अजगर होता ना कात्रजला," मुलगी म्हणाली.

पुढचं

साप जुलैमध्ये घरी गेला. पहिले दोन आठवडे हात लावायचा नाही, फक्त पाणी बदलायचं. पहिला उंदीर त्याने नाकारला, पुढचा घेतला. आता आठवड्यातून तीनदा, शिफ्टवरून आल्यावर पंधरा मिनिटं. खाल्ल्यानंतर दोन दिवस नाही, आणि कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झाले की अजिबात नाही. एकदा उंदीर वितळवून हात न धुता तिने दार उघडलं आणि अंगठ्याला चार टिपके रक्त आलं. तिने मला फोन केला तो सापाचे दात तुटले का हे विचारायला. तुटले नव्हते.

बाबांनी एक कागद मात्र अजून बंद केलेला नाही. साप पंधरा वर्षं जगणार, आणि मुलीला कंपनीने बंगळूरला बदली देऊ केली आहे. तिच्या मागे तो कोण बघणार हे लेखी हवं, असं त्यांचं म्हणणं. चिंचवडचा मावसभाऊ तयार आहे. शनिवारी येऊन तो साप व्यवस्थित हाताळतो, पण उंदीर वितळवायची वेळ आली की गॅलरीत जाऊन उभा राहतो. ते जमेपर्यंत बदलीला होकार कळवायचा नाही, असं घरात ठरलं आहे.